सोंग घेतलेल्याला उठवणारी डबी

४ फेब्रुवारी

चिरंजीव ढापण्या,

आशीर्वाद देते, पण हातचं राखून. उरलेले तू फोन उचलशील तेव्हा.

डावा हात प्लास्टरमध्ये आहे, उजवा ठणठणीत आहे आणि तोंडाला तर काहीच झालेलं नाही, हे तुझ्या बायकोने तुला सांगितलंच असेल. ती रोज डबा घेऊन येते, खुर्चीच्या टोकावर बसते आणि "तो फार कामात आहे हो ताई" म्हणते. बिचारीला खोटं बोलता येत नाही. बोलताना माझ्याकडे न बघता प्लास्टरकडे बघते. तू कामात नाहीस, रागात आहेस. तुझी-माझी ओळख तुझ्या जन्मापासूनची आहे, मला शिकवू नकोस.

तर मुद्द्याचं. त्या दुपारी तुझी गाडी मी रोपवाटिकेत घातली, कारण मला झोप लागली. लागोपाठ दोन गावांत नाटकाचे प्रयोग झाले होते, त्यात जेवण अंमळ जास्त झालं, रस्ता सरळसोट, ऊन काचेतून मांडीवर आलेलं. लागली झोप. हे मी डॉक्टरांना सांगितलं, पोलिसांना सांगितलं, विमेवाल्याला सांगितलं. इतक्या सुखासुखी गुन्हा कबूल करणारी बाई त्यांनी जन्मात पाहिली नसेल. आणि तू, माझा सख्खा भाऊ, सगळ्यांना सांगत फिरतोस की ताई जागी होती!

का, तर तुझ्या डबीत तशी नोंद आहे. काचेखाली बसवलेली ती काडेपेटीएवढी डबी, गाडी चालवणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघणारी, त्याला झोप आली की टूं टूं करून उठवणारी. त्या दिवशी ती गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे मी जागी होते, असा तुझा हिशोब. म्हणजे मी टक्क जागी, शुद्धीवर, सरळ रस्ता सोडून गुलाबाच्या कुंड्यांवर गाडी घातली. असं माणूस दोनच कारणांनी करतं. एक तर त्याला गाडी येत नाही, नाहीतर त्याला जगायचं नाही. गाडी मला तुझ्याआधी यायला लागली. आणि जगायचं तर इतकं आहे की पुढच्या वर्षीच्या तारखासुद्धा मी देऊन ठेवल्यात.

रोपवाटिकेच्या मालकीणबाई काल भेटायला आल्या होत्या. हातात एक रोप. "हे तेवढं वाचलं, तुम्हालाच ठेवा," म्हणाल्या. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर लाजेने मान खाली घातली असती, मी रोपाला पाणी किती घालायचं ते विचारून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "गाडी अंगावर येताना तुमचा चेहरा बघितला मी. डोळे उघडे होते हो तुमचे. पण घरात कुणी नव्हतं." हे मी तुला मुद्दाम कळवते. डोळे उघडे होते एवढंच धरून उड्या मारू नकोस, पुढचं वाक्यही वाच.

तू येत नाहीस याचं मला वाईट वाटतं. सरळ सांगते, कारण आडून सांगितलेलं तुला कधीच कळलं नाही.

ताई


९ फेब्रुवारी

ढापण्या,

चिठ्ठी मिळाली. "नोंदीनुसार डोळे पूर्ण उघडे, मान सरळ, जांभई नाही. चालक जागा होता. कृपया इतरांना झोप लागल्याचे सांगू नये." सख्ख्या बहिणीला 'कृपया'! आपल्या घरात हा शब्द भांडण कोर्टात गेल्यावर वापरतात. आणि चालक कोण रे? तुला सायकल शिकवताना जिने दोन्ही गुडघे फोडून घेतले, ती.

तुझा राग कशाचा आहे ते मला कळतं. एक एप्रिलपासून त्या मोठ्या बसकंपनीच्या सगळ्या गाड्यांमध्ये तुझी डबी बसणार आहे. इतकी वर्षं त्या दोन खोल्यांत चार पोरांना घेऊन तू राबलास, लग्नकार्यं चुकवलीस, चष्म्याचा नंबर वाढवून घेतलास, आणि आता घास तोंडाशी आला तर बहीणच म्हणते की डबी आंधळी आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही बोलले नसते. दोन दिवस. तुझे दहा झाले.

पण तू जरा माझ्या खुर्चीत बसून बघ. पहाटेची बस. आत माणसं बिनघोर घोरतायत. पुढे चालक बसलाय, त्याचेही डोळे जड झालेत, पण तो स्वतःला म्हणतो, डबी आहे ना, ती उठवेल. डबी नसती तर त्याने कडेला थांबून तोंडावर पाणी मारलं असतं. डबी आहे म्हणून तो थांबत नाही. आणि त्या दिवशी जशी माझ्यासाठी वाजली नाही तशी त्याच्यासाठीही वाजली नाही, तर? मी एकटी होते आणि समोर गुलाब होते. म्हणून हे पत्र लिहायला उरले.

तुझ्या चिठ्ठीवर रागावून मी तशीच बसले होते आणि एकदम डोक्यात आलं, की ही डबी झोप ओळखायला शिकली कुणाकडून? माझ्याकडून! तूच आला होतास, आठवतं? "ताई, खऱ्या झोपाळू माणसांना कॅमेऱ्यासमोर बसवायला वेळ नाही, आणि माझी पोरं झोपेचं काम करतात ती पोट दुखल्यासारखी दिसतात. तू नटी आहेस, तू बस." मग जमिनीला नटबोल्टने जखडलेली ती खुर्ची, समोर पडद्यावर सरकणारा रस्ता, आणि मी. दमलेली झोप, जेवणानंतरची झोप, तापातली झोप, पेंग, डुलकी, सगळं करून दाखवलं. तू म्हणायचास, "वा ताई, अजून एकदा." शेवटी डबी इतकी हुशार झाली की मी नुसती पापणी जड केली तरी बोंब मारायची. माझ्यासमोर कधी चुकली नाही. आणि मी खरोखर झोपले त्याच दिवशी नेमकी चुकली.

यात काहीतरी पाणी मुरतंय. मी शोधून काढणार. हात मोडलाय, वेळ भरपूर आहे.

ताई


१८ फेब्रुवारी

ढापण्या, शोध लागला. बसून वाच.

आमच्या नाटकाचे प्रॉम्प्टर तुला माहीत आहेत, विंगेतून वाक्यं सांगणारे. त्यांना मी रोज दुपारी जेवायला बोलावलं. जेवण झालं की मी वेताच्या खुर्चीत बसायचं, नव्या नाटकाची संहिता मोठ्याने वाचायची आणि त्यांनी माझ्या फोनवर माझं चित्रीकरण करायचं. नवं नाटक इतकं कंटाळवाणं आहे की या कामाला त्याच्यासारखं दुसरं नाही. पहिल्या दिवशी चित्रीकरण करता करता प्रॉम्प्टरच झोपले. दुसऱ्या दिवसापासून फोन डब्यांच्या चळतीला टेकवून ठेवला आणि त्यांना घरी पाठवताना दार नुसतं ओढून घ्या एवढं सांगितलं. मग मला झोपायला कुणाची गरज नव्हती.

मी स्वतःला झोपताना पहिल्यांदाच बघितलं, आणि तुला सांगते, माझा अपमान झाला. त्यात काही नव्हतंच! जांभई नाही. मान डुलत नाही. पापण्या मिटत नाहीत. उलट मी ताठ बसते. भुवया वर चढतात, डोळे मोठे होतात, पहिल्या बाकावरची हुशार मुलगी जशी. वाचतेही आहे. मग एकच वाक्य पुन्हा वाचते. मग पुन्हा. डोळे उघडेच आणि मी नाही. मालकीणबाईंचं खरं होतं, घरात कुणी नव्हतं. प्रॉम्प्टरना दाखवलं तर म्हणाले, "मला वाटलं बाई पाठांतर करतायत."

कारण साधं आहे. झोपेशी भांडणारा माणूस जागं दिसायचा प्रयत्न करतो. आणि मी तुझ्या डबीपुढे काय केलं? जे रंगमंचावर करते ते. नाटकातली झोप शेवटच्या रांगेला दिसावी लागते. तिकडे बसलेल्या आजोबांना कळलं पाहिजे की बाई आता झोपल्या. खरी झोप कुणाला दिसायला येत नाही, ती चोरपावलांनी येते आणि डोळे उघडे ठेवून नेते.

झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणत आलेत सगळे. तू, शहाण्या, म्हणीच्या नेमकं उलटं यंत्र बनवलंस. सोंग घेतलेल्याला खडबडून उठवतं, आणि झोपलेल्याला सुखाने झोपू देतं.

हसू नकोस. हे लिहिताना मला काय होतंय ते तुला कळणार नाही. दुसऱ्या अंकात मी खुर्चीत झोपते त्यावर टाळी पडते. वर्षानुवर्षं पडते. झोपेला टाळी! तेव्हाच मला संशय यायला हवा होता. चांगला अभिनय होता, पण झोप नव्हती, आणि हे मला तुझ्या गाडीचा चुराडा करून कळलं.

आता कामाचं. व्यायाम करून घेणारी मुलगी मला स्पंजचा चेंडू देऊन गेलीय, डाव्या बोटांनी सारखा दाबत राहायचा. चित्रीकरणात बघ, सोबत तुझ्या बायकोच्या फोनवर पाठवलंय. तोंड वाचतंय, डोळे टक्क उघडे, भुवया कपाळाला लागलेल्या, आणि चेंडूवरचा हात मात्र थांबलेला. प्रत्येक वेळी. चेहऱ्यावर काही दिसायच्या कितीतरी आधी. म्हणजे चेहऱ्याला सोंग येतं, हाताला येत नाही. गाडी चालवतानाही जागा माणूस स्टिअरिंग सारखं किंचित इकडे, किंचित तिकडे करत असतो, त्याला स्वतःला कळतही नाही. तुझी डबी तोंडाकडे बघते. तिला हाताकडे बघायला लाव.

मी काही इंजिनियर नाही. पण झोपले मी होते.

ताई


२ मार्च

ढापण्या,

तू पत्र दोनदा वाचलंस आणि खणात टाकलंस, असं आतल्या गोटातून कळलं. बायकोवर चिडू नकोस, मी चहा पाजून काढून घेतलं.

तिने तुझा निरोपही आणला. दहा तारखेला बसकंपनीचे साहेब यंत्र बघायला येणार, तेव्हा ताईंनी खुर्चीत बसून झोपेचं काम करावं. अडला हरी, गाढवाचे पाय धरी, आणि गाढवाचं पत्र मात्र खणात!

येते. पण काम करणार नाही. आदल्या रात्री अंथरुणाला पाठ लावणार नाही, दुपारी पोटभर जेवून येणार, खुर्चीत बसणार आणि खरीखुरी झोपणार. तुझी डबी वाजली तर मी हरले. साहेबांसमोर तुझी माफी मागेन, आणि पोलिसांनाही लिहून देईन की बाई जागी होती, तिचा गुलाबांवर राग होता. नाही वाजली, तर पुढे काय करायचं ते तू ठरव. तुला पाठीमागून वार नको म्हणून आधी कळवतेय.

ताई


११ मार्च

ढापण्या,

काल माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रयोग झाला आणि मी तो बघितला नाही. मी झोपले होते!

म्हणून जे मला माहीत आहे ते आधी लिहिते. तुझ्या त्या खोलीत नवीन रंगाचा वास येत होता. पोरांनी इस्त्रीचे कपडे घातले होते. साहेब लोक बाजूच्या खुर्च्यांवर ओळीने बसले, त्यांच्यात एक बाई होत्या, त्या एकट्याच काहीतरी लिहून घेत होत्या. तू मशिनींच्या मागे लपलास. नजरेला नजर द्यायची नव्हती ना! तू तिथून पोरांना खुणा करत होतास आणि मला फक्त तुझे केस दिसत होते. प्लास्टर निघालंय, हात काडी झालाय, तरी मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. पडद्यावर रस्ता सुरू झाला.

तुझ्या बायकोने मला नंतर सांगितलं, तू घरी म्हणाला होतास, "ताईचं पत्र मनावर घेऊ नकोस. प्रेक्षक दिसले की तिला झोप येणं शक्य नाही. ती कामच करणार." बरोबर ओळखलंस. थोडक्यात वाचले. आपल्याकडे माणसं बघत बसली की माझी मान आपोआप कलायला लागते, जन्माची खोड. सुरुवातीला मी झोपेशी नाही, अभिनयाशी भांडत होते. एक जांभई तर अर्ध्या वाटेवर आली होती. ती खोटी आहे हे ओळखलं आणि गिळून टाकली. उभ्या आयुष्यात हातची टाळी मी अशी सोडली नव्हती. मग रस्ता सरकत राहिला, पंखा फिरत राहिला, आणि पुढचं मला ठाऊक नाही.

पुढचं, तिथेच कोपऱ्यात उभ्या असलेल्या तुझ्या बायकोने संध्याकाळी येऊन करून दाखवलं. तिला अभिनय अजिबात येत नाही, म्हणून मला सगळं पटलं. मी म्हणे ताठ बसले होते. डोळे मोठे, भुवया वर. डबीवरचा दिवा हिरवा. साहेबांपैकी एक हळूच म्हणाले, "या कधी झोपणार?" पडद्यावरची बस डावीकडे कलायला लागली, पांढरी रेघ ओलांडली, शेतात शिरली. डबी गप्प. मोठे साहेब म्हणाले, "बाई जरा बेफिकीर चालवतात." कुणीतरी हसलं. तुझ्या पोरांपैकी एकजण "ताई, स्टिअरिंग!" म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग तू मशिनीमागून बाहेर आलास. माझ्या पुढ्यात येऊन उभा राहिलास. क्षणभर बघितलंस आणि म्हणालास, "थांबवा. ताई झोपलीय."

मोठे साहेब म्हणाले, "अहो, डोळे तर उघडे आहेत."

"हो," तू म्हणालास. "माझ्या यंत्रालाही तसंच वाटतंय. साहेब, एक एप्रिलला हे बसमध्ये बसवू नका."

तुझी बायको हे सांगताना रडली. मी नाही रडले, मी तिला परत एकदा करून दाखवायला लावलं. मग रडले.

जागी झाले तेव्हा तू माझा खांदा धरून हलवत होतास आणि हळू आवाजात "ताई, ऊठ" म्हणत होतास. महिना-सव्वा महिन्यानंतर तुझा आवाज ऐकला आणि मला धड कळलंही नाही कुठे आहे ते. डोळे चोळून बघते तर तू साहेबांच्या मागे दाराबाहेर गेलेला. ते तणतणत होते, दुसऱ्या कुणाची डबी बघतो म्हणत होते, हे जिन्यावरून ऐकू येत होतं. त्या लिहिणाऱ्या बाई मात्र मागे राहिल्या. मला विचारलं, "तुमच्या भावाला दुरुस्तीला किती दिवस लागतील?" मी म्हटलं, "त्याला विचारा. पण तो सांगेल त्याच्या दुप्पट धरा, तो लहानपणापासून आशावादी आहे." त्या हसल्या आणि परत येते म्हणाल्या. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी विश्वास ठेवला नसता, पण त्यांनी तारीख लिहून घेतली.

ढापण्या, तू हरलास असं लोक म्हणतील. म्हणू देत. तोंडाशी आलेला घास त्या बसमधल्या ओळखदेख नसलेल्या माणसांसाठी खाली ठेवलास. मला तुझा इतका अभिमान वाटला की मी प्रॉम्प्टरना फोन करून सांगितलं, आणि ते आता सगळीकडे सांगत सुटलेत.

फक्त एक समजत नाही. डबीला कळलं नाही, साहेबांना कळलं नाही, तुझ्या पोरांना कळलं नाही. माझे डोळे सताड उघडे होते. मी काम करत नाहीये, खरी झोपलेय, हे तुला एका क्षणात कसं कळलं?

ताई


१६ मार्च

ढापण्या,

तुझं पत्र आलं. चार ओळींची चिठ्ठी नाही, चांगलं दोन्ही बाजूंनी लिहिलेलं पत्र, आणि 'कृपया' एकदाही नाही. स्टिअरिंगवर हाताची हालचाल मोजणारी पट्टी बसवतोयस, वाचलं. रात्रपाळी करून आलेल्या नर्स, पहारेकरी आणि एक तान्ह्या बाळाची आई, अशी खरी पेंगणारी माणसं खुर्चीत बसवतोयस, तेही वाचलं. त्या बाळाच्या आईला काम झालं की तिथेच तासभर झोपू दे. तिला उठवलंस तर मला कळव, मी येऊन तुला बघते.

पण मी विचारलेल्याचं उत्तर तू शेवटच्या पानावर लिहिलंस, सगळं लिहून झाल्यावर, आणि ते मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. तुझ्याच शब्दांत परत लिहिते, म्हणजे तुलाही कळेल काय लिहिलंस ते.

"सकाळी घाईत शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली होती. कॉलर एका बाजूने कानाला लागत होती. तुझ्यापुढे येऊन उभा राहिल्यावर माझ्याच लक्षात आलं. तू माझ्याकडे सरळ बघत होतीस, पूर्ण डोळे उघडून. आणि काहीच बोलली नाहीस. ताई, मला वाटलं, त्या दिवशी गाडीत तू अशीच असशील. तू जागी असतीस तर साहेबांसमोर माझा कान धरला असतास."

धरला असता रे. सगळ्यांसमोर धरला असता.

आणि असा गेलास तू साहेबांपुढे? बायकोचं लक्ष कुठे होतं? पोरांपैकी एकालाही सांगवलं नाही? रविवारी जेवायला ये, तिलाही आण. मी दुपारी झोपणार नाही, दारातच बसते. निघायच्या आधी आरशात बघून ये. नाही बघितलंस तरी ये.

ताई